क्रांतीची बाटली

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१८ सप्टेंबर २०२४

क्रांती,

मायना काय लिहावा यातच अर्धा तास गेला. 'प्रिय' लिहिलं, खोडलं. 'चि. क्रांती हिस अनेक आशीर्वाद' लिहायला घेतलं तर हातच आखडला. म्हणून नुसतं नाव.

आज आमच्यात क्षमावणी. दशलक्षण पर्व संपलं की आम्ही जैन एकमेकांची क्षमा मागतो. पूर्वी लोक घरोघर जाऊन हात जोडायचे. आता फोनवरून एकच मजकूर चारशे जणांना जातो : 'कळत-नकळत काही चुकलं असल्यास उत्तम क्षमा.' आज सकाळी पाठवण्याआधी यादी चाळली, तर तिच्यात तुझा नंबर. गेली अकरा वर्षं तो तिथं आहे. म्हणजे विमा एजंटाची, गॅसवाल्याची आणि तुझी क्षमा मी दरवर्षी एकाच बोटानं मागत आलो. तू कधी उत्तर दिलं नाहीस आणि तू उत्तर देत नाहीस हे माझ्या लक्षातही आलं नाही. यादीतून तुझं नाव काढलं आणि हा कागद पुढं ओढला. तू शिकवतेस त्या शाळेचा पत्ता आपल्या विभागातल्या जुन्या क्लार्ककडून मिळाला.

पण लिहायचं खरं कारण वेगळं आहे. गेल्या शनिवारी विभागात गेलो होतो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी माझी पावलं अधूनमधून तिकडं वळतात आणि कुणी 'या' म्हणालं नाही तरी मी बसतो. प्रयोगशाळेत आदिती नावाची नवी संशोधक मुलगी मैत्रिणीबरोबर नमुन्याच्या बाटल्या धूत होती. मैत्रिणीनं घाई केली तशी ती म्हणाली, "ए, नीट धू की. न्हाईतर क्रांतीची बाटली व्हायची." दोघी हसल्या.

मी विचारलं, "ही क्रांती कोण?"

"कुणीतरी होती म्हणं सर, लई वर्षांमागं. ॲसिडनं धुतलेल्या बाटलीत नायट्रेटचा नमुना घेतला आणि सगळा डेटा घाण केला. मग पीएच.डी. सोडून पळाली." मग माझ्याकडं बघून, "तुमच्याच वेळची असंल की सर. तुम्हाला न्हाय ठाऊक?"

मी म्हणालो, "नाही."

हा शब्दप्रयोग मीच पाडला होता. नव्या मुलांना बाटल्या धुवायला शिकवताना दरवर्षी वापरायचो आणि मुलं हसायची. आता तो माझ्यावाचूनही चालतो. दुसऱ्या कॉलेजांतही ऐकू येतो म्हणतात.

तुला एवढंच कळवायचं होतं की, अलीकडे मला असं वाटू लागलं आहे की त्या वेळी तुझं म्हणणं कदाचित बरोबर असावं.

श्रेणिक मगदूम


मंगळवार पेठ
२९ सप्टेंबर २०२४

क्रांती,

उत्तर आलं नाही. ज्याला उत्तर यावं असं पत्र ते नव्हतंच. माझी जुनी सवय तुला माहीत आहे, पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मी ठेवतो. काल ती वाचली. शेवटच्या वाक्यात 'वाटू लागलं आहे', 'कदाचित' आणि 'असावं' असे तीन शब्द एकापाठोपाठ एक बसले आहेत. ही आमची शोधनिबंधाची भाषा. जेवढा पुरावा तेवढंच बोलावं म्हणून ती असते, आणि मी तीस वर्षं ती मुलांना अभिमानानं शिकवली. पण थंडी वाजणाऱ्या माणसानं पांघरूण ओढावं तशी ती अंगावर ओढूनही घेता येते.

तर सरळ लिहितो. तुझं बरोबर होतं आणि मी चुकलो.

नोव्हेंबर २०१३. कुरुंदवाडच्या अलीकडच्या खोतमळ्यापर्यंत आपण चोवीस विहिरी घेतल्या होत्या. उसाच्या रानातलं खत पाण्यात उतरतं, पण नदीकडे जाता जाता जमीन ते गाळून घेते, म्हणजे नायट्रेट कमी कमी होत जातं, हा माझा सिद्धान्त. आलेखावर बाकी सगळे ठिपके शहाण्या मुलांसारखे उतरत्या रेषेवर बसले. नदीला सगळ्यात जवळची, खोतमळ्यातली सतरावी विहीर तेवढी आभाळात. पिण्याच्या पाण्यात लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅमपर्यंत चालतं आणि तिथं दोनशे बारा.

त्या दिवसांतलं मला आज काय आठवतं सांगू? तुझ्या ओव्या. मोटर चालू करून दहा मिनिटं पाणी वाहू द्यायचं, नळीतलं शिळं पाणी गेलं की मग नमुना. त्या दहा मिनिटांत बाकीची मुलं मोबाईल बघायची आणि तू विहिरीवर आलेल्या बायकांशी बोलायचीस, मग नोंदवहीत आकड्यांच्या खाली दोन-दोन ओळी लिहायचीस. प्रत्येक विहिरीची ओवी. मी एकदा सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "वारके, ही सायन्सची वही आहे, जात्याची नव्हे. कविता घरी." तू म्हणालीस, "सर, आकडा लिहिला की विहीर इसरते. ओवी लिहिली की ध्यानात ऱ्हाते."

मी स्वतः दर महिन्याला कविमंडळात जाऊन कविता वाचणारा माणूस! पण माझी कविता घरी असायची आणि विज्ञान विभागात. दोघांची भेट होऊ नये याची मी काळजी घेत होतो. तू ती एकाच पानावर लिहीत होतीस आणि त्याचाच मला राग यायचा. नीट पाहिलं तर तो मत्सर होता.

मग तो सेमिनार. तुला हे परत सांगायची गरज नाही, पण मी किती गोड आवाजात बोललो ते मला लिहून काढायचं आहे. "लाल टोपणाच्या बाटल्या नायट्रिक ॲसिडनं धुतलेल्या असतात, त्या धातूंसाठी. पांढऱ्या टोपणाच्या नुसत्या शुद्ध पाण्यानं धुतलेल्या, त्या नायट्रेटसाठी. लाल बाटलीत नायट्रेटचा नमुना घेतला तर ॲसिडातलंच नायट्रेट त्यात उतरतं, मग आपण पाणी मोजत नाही, आपला वेंधळेपणा मोजतो." सगळे हसले. तू उभी राहिलीस. "सर, बाटली पांढऱ्याच टोपणाची हुती." मी म्हणालो, "पुरावा?" तू म्हणालीस, "वहीत हाय." मी म्हणालो, "बघू या."

सतरावा ठिपका काढून टाकला आणि निबंध छापून आला. मला निमंत्रणं आली, शाल-श्रीफळं आली. तू मार्चमध्ये विभाग सोडलास.

मी घाईत होतो. रेषेच्या मोहात पडलो. संशोधकाच्या हातून होते तशी चूक माझ्या हातून झाली. तिच्याबद्दल मनापासून माफी मागतो.

श्रेणिक मगदूम


मंगळवार पेठ
१३ ऑक्टोबर २०२४

क्रांती,

काल दसरा झाला. सोनं द्यायला चार माणसं येऊन गेली. एक माजी विद्यार्थी पाया पडला आणि म्हणाला, "सर, तुमच्यासारखा सच्चा माणूस आमी बगितला न्हाय." तो गेल्यावर थोरली बहीण अक्काताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "श्रेणिक, तुजं त्वांड असं का रं उतरलंय? पाया पडला की चावला त्यो?" माझी बायको गेल्यापासून अक्काताईच घर बघते. तिच्यापासून काही लपत नाही, फक्त ती विचारत नाही.

मागच्या पत्राची प्रत पुन्हा वाचली. 'संशोधकाच्या हातून होते तशी चूक.' हे खोटं आहे.

त्याच्याआधी तुझ्या वडिलांचं. तू विभाग सोडल्यावर आठवड्यानं बाळासो वारके माझ्या दारात आले होते. हे त्यांनी तुला सांगितलं की नाही कोण जाणे. बहुतेक नसेल. पायातल्या वहाणा जिन्याखाली काढून अनवाणी वर आले. हातात गुळाची ढेप, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. खुर्चीवर बसायला तयार होईनात. म्हणाले, "सर, माझी पोरगी तोंडानं फटकळ हाय, पर हातानं नेटकी हाय. काय चुकलं असंल तर पदरात घ्या. घरात कुणासंगट बोलंना झालीया." मी म्हणालो, "बघतो काय करता येतं ते." म्हणजे उपकार करणाऱ्याचा सूर. ते हात जोडून उतरले आणि गूळ मी ठेवून घेतला. आम्ही तो दोन महिने खाल्ला, क्रांती. अक्काताई म्हणायची, असला गूळ आता मिळत न्हाय.

गेल्या आठवड्यात क्लार्कला विचारलं तेव्हा कळलं की बाळासो गेले, तीन वर्षं झाली. म्हणजे त्यांची माफी मागायची सोयही राहिली नाही.

आता ते दुसरं. सेमिनारमध्ये तू 'वहीत हाय' म्हणालीस आणि मी 'बघू या' म्हणालो. दुपारी वही उघडली. सतराव्या विहिरीचं पान. वर तापमान, वेळ, पाण्याची पातळी. बाटलीचा रंग लिहायचा रकाना आपल्या वहीत नव्हता, ती चूक माझीच. पण खाली ओव्या होत्या :

सतरावी विहीर बाई, पाणी काचेवानी निवळ
धोंडुबाईच्या नातवाचं, ओठ पिकल्यालं जांभळ

पांढऱ्या टोपणाची बाटली, खळबळली ह्याच पाण्यानं
तीन येळा वतून दिली, मग भरली मी नेमानं

मागितला होता तो पुरावा समोर होता. बाटलीचा रंग, विहिरीच्याच पाण्यानं ती तीनदा विसळल्याची नोंद, क्रम, सगळं. आणि नुसता बाटलीचा नाही. अंगावर न पिणाऱ्या, वरच्या दुधावरच्या तान्ह्या पोराला असलं पाणी पाजलं तर त्याचं रक्त प्राणवायू धरत नाही आणि ओठ निळे-जांभळे पडतात, हे मी दरवर्षी एम.एस्सी.ला शिकवत होतो. तू आकडा यायच्या आधी, विहिरीवर उभी राहून, नुसत्या डोळ्यांनी बघून ते लिहिलं होतंस.

नोंदवहीतलं पान फाडायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी सही. मी ते पान फाडलं. पट्टी लावून, अगदी शिवणीलगत, म्हणजे वही सैल होऊ नये. असल्या कामात मी फार नेटका आहे.

दुसऱ्या दिवशी तुला वही दाखवली. तू पानं उलटलीस, परत उलटलीस. मग माझ्याकडं बघितलंस. तुला तेव्हाच कळलं होतं, ना?

पान माझ्याकडे आहे. जाळायचं धाडस नव्हतं आणि दाखवायचंही. कपाटात, विम्याच्या कागदांखाली.

श्रेणिक


मंगळवार पेठ
२७ ऑक्टोबर २०२४

क्रांती,

सोबत ते पान पाठवतो आहे. अकरा वर्षांनी का होईना, ज्याचं त्याला.

आता शेवटचं राहिलं ते लिहितो. यानंतर लपवायला माझ्याकडे काही नाही, असं मी आधीच्या दोन पत्रांनंतरही स्वतःला सांगितलं होतं, तेव्हा तू विश्वास ठेवू नकोस.

पान फाडल्यावर पंधरा दिवसांनी मी एकटा खोतमळ्याला गेलो. रविवार होता. विभागाची गाडी घेतली नाही, म्हणजे नोंद राहायला नको. पांढऱ्या टोपणाची बाटली मी स्वतः धुतली होती. दहा मिनिटं पाणी वाहू दिलं. विहिरीवर एक म्हातारी होती, तीच धोंडुबाई असावी. म्हणाली, "पावणं, परत आलासा? ती गाणं लिवणारी पोरगी कुटं हाय?" मी म्हणालो, ती सुट्टीवर आहे. तिच्या कडेवर पोर नव्हतं. मी विचारलं नाही. घरात असेल, झोपलं असेल, असं मनाला सांगितलं आणि बाटली बर्फाच्या पेटीत ठेवून निघालो.

सोमवारी सकाळी कुणी यायच्या आत मोजलं. दोनशे आठ.

म्हणजे तुझा दोनशे बारा बरोबर होता आणि माझ्या रेषेला बूड नव्हतं. तिथं जमीन काही गाळत नव्हती. उलट साऱ्या रानाचं पाणी त्या खोलगटात येऊन मुरत होतं. हा खरा शोध होता, माझ्या निबंधापेक्षा मोठा, आणि तो तुझा होता. पण निबंध तोवर स्वीकारला गेला होता. मी तो आकडा कुठंच लिहिला नाही. बाटली ओतून टाकली, धुतली आणि पालथी घातली.

ग्रामपंचायतीला मी एक पोस्टकार्ड टाकू शकलो असतो. सही न करताही टाकता आलं असतं. ते टाकलं नाही. त्या पोराचं काय झालं हे मला आजही माहीत नाही. अकरा वर्षं कुरुंदवाडच्या बाजूला मी गेलेलो नाही. तिकडच्या लग्नाचं आमंत्रण आलं तर अक्काताईला पाठवतो.

आणि याच काळात माझा कवितासंग्रह निघाला. त्यात सत्यावर नऊ कविता आहेत. मी मोजल्या काल. समारंभात एक गृहस्थ म्हणाले, वैज्ञानिकाची सचोटी आणि कवीचं मन इथं एकत्र आलं आहे. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. तुझ्या त्या चार ओळींशेजारी माझ्या नऊ कविता ठेवून पाहिल्या. माझ्या कवितांत 'तेज' आहे, 'तिमिर' आहे, 'शाश्वत' आहे. एक विहीर नाही, एका माणसाचं नाव नाही. तुझ्या ओळीत टोपणाचा रंग आहे. कविता खोटी नसते म्हणतात. चांगली शाबूत राहते माझी, मी काहीही केलं तरी.

आता मी काय करतो आहे ते. ज्या नियतकालिकात निबंध छापला त्यांना दुरुस्तीचं निवेदन पाठवायचं आहे. एक प्रत विभागाला, एक खोतमळ्याच्या ग्रामपंचायतीला. मसुदा तयार केला आहे. नमुना तू घेतलास म्हणून खाली तुझीही सही असावी, असं मला वाटतं. दिवाळीनंतर शाळा उघडली की शनिवारी, सोळा तारखेला, सकाळच्या शाळेनंतर येईन. भेटायचं नसेल तर शिपायाकडे नुसतं 'नाही' सांगून ठेव. मी परत जाईन.

श्रेणिक


मंगळवार पेठ
१७ नोव्हेंबर २०२४

क्रांती,

काल जे झालं ते तुला सांगायची गरज नाही, तू तिथंच होतीस. तरी लिहितो, कारण मी काय ऐकलं हे तुला कळायला हवं.

बिद्रीच्या फाट्यावर एसटीतून उतरलो. कारखाना सुरू झालेला, रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, मळीचा वास. शिपायानं शिक्षकांच्या खोलीत नेलं. वाटेत त्यानं 'नाही' म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं, हेही कबूल करतो. तू निवडणुकीच्या कामाचे कागद लावत होतीस. केस पांढरे झालेत थोडे. मला वाटलं होतं तू रागावशील किंवा रडशील. दोन्हींसाठी मी तयारी करून आलो होतो, एसटीत वाक्यं जुळवत होतो. तू म्हणालीस, "बसा सर. च्या घेणार?"

मी आधी पोराचं विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात तूच म्हणालीस, "राजवीर व्हय? सहावीत हाय. कबड्डी खेळतोय."

मी टेबलाची कड धरली.

मग तू सांगितलंस. सेमिनारच्या दुसऱ्या दिवशी, मी पान फाडल्याचं तुला कळलं त्याच दुपारी, तू कुरुंदवाडची गाडी धरलीस. धोंडुबाईला म्हणालीस, नातवाच्या दुधात हे पाणी घालू नका, गावातल्या नळाचं आणा, आणि त्याला आजच दवाखान्यात न्या. "माझ्याकडं कागद न्हवता सर. शिक्का न्हवता. मला वाटलं म्हातारी पुरावा मागंल. तिनं मागितलाच न्हाय. म्हणाली, तू आमच्या पाण्यावर गाणं रचलंस बाई, तू खोटं कशाला सांगशील?"

त्यांनी ती विहीर तेव्हापासून नुसती रानाला ठेवली आहे. म्हणजे मी रविवारी चोरून गेलो त्या दिवशी धोंडुबाई पाणी भरायला आली नव्हती. भांडं नव्हतंच तिच्याजवळ, आज आठवतं. मला दिसलं नव्हतं. पोर त्या वेळी दवाखान्यातून घरी आलं होतं, बरं होत होतं, आणि ते तुझ्यामुळं.

मी विचारलं, "आता लिहितेस का?"

"त्यानंतर एक ओळ लिहिली न्हाय. येतच न्हाय. आधी वाटायचं ईल. आता सोडून दिलंय." तू हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाहीस, गुडघा दुखतो म्हणावं तसं म्हणालीस. मी पाठवलेलं पान तू वाचलंस का, ठेवलंस का, ते विचारायचा मला हक्क नव्हता.

मग मी मसुदा पुढं केला. तू उभ्यानं वाचलास. दोनदा. एका ओळीवर बोट ठेवलंस आणि विचारलंस, "सर, हे काय?"

ओळ अशी होती : 'विहीर क्रमांक १७ चे मापन नजरचुकीने वगळले गेले.'

मी म्हणालो, अशा निवेदनांची ती पद्धत असते. भाषा जरा... तू मला पुढं बोलू दिलंस. मी बोललो, आणि बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू आला. सेमिनारमधला, गोड.

तू म्हणालीस, "चार पत्रांत तुम्ही मला खरं सांगितलं. मला खरं ठाऊक होतंच की. मी तिथं होते. ज्यांना ठाऊक न्हाय, त्यांना तुम्ही अजून नजरचूक सांगताय."

नंतर म्हणालीस, "मला माफी नको सर. माझं नाव त्या पोरींच्या तोंडातनं सोडवा."

घंटा झाली. पालकसभेला जायचं म्हणून तू कागद माझ्या हातात परत दिलास. चहा निवला होता. मी तो उभ्यानं प्यायलो, कारण टाकून जाणं बरं दिसलं नसतं.

परतीच्या गाडीत मी तो मसुदा परत वाचला. क्रांती, मला दोन महिने वाटत होतं की मी कबुली देतो आहे. प्रत्येक पत्रागणिक मला थोडं हलकं वाटत होतं, आणि त्याचंही मला थोडं कौतुक होतं, बघा हा म्हातारा किती खरं बोलतो. जिला एका अक्षराचीही गरज नव्हती तिच्यापाशी मी सगळं ओतलं. बाहेरच्यांसाठी मात्र इस्त्रीचा सदरा तयार ठेवला होता. पान फाडण्यापेक्षा मला आज याची जास्त लाज वाटते. ते पान मी त्रेपन्नाव्या वर्षी, घाबरून फाडलं. हा मसुदा मी चौसष्टाव्या वर्षी, शांतपणे, चष्मा पुसून लिहिला.

घरी आल्यावर अक्काताईला सगळं सांगितलं. गुळासकट. ती ऐकत राहिली. सांगून झाल्यावर पदरानं डोळे पुसून म्हणाली, "त्या बापाचा गूळ मला कशाला खाऊ घातलास रं?" आणि देवळात निघून गेली. अजून माझ्याशी बोललेली नाही.

उद्या सोमवार. अकरा वाजता विभागाचा सेमिनार असतो. विभागप्रमुखांकडून मी दहा मिनिटं मागून घेतली आहेत. कशासाठी ते त्यांना फोनवरच सांगितलं, म्हणजे सकाळी माझा धीर सुटला तरी त्यांना ठाऊक असेल. ते म्हणाले, "सर, या वयात कशाला?" मी म्हणालो, याच्यापुढचं वय मिळेल याची खात्री नाही. आदितीला पहिल्या रांगेत बसायला सांगितलं आहे. तिला वाटतंय काही बक्षीस आहे.

तुझी सही मागत नाही. ती मागणं म्हणजे पुन्हा तुझाच आधार घेणं. निवेदन माझ्या एकट्याच्या नावानं जाईल. सकाळी पोस्ट उघडलं की आधी ते टाकणार, मग विभागात. तुला पाठवतो आहे ती त्याचीच प्रत :

'खोतमळा येथील विहीर क्रमांक १७ मधील नायट्रेटचे २१२ हे मापन बरोबर होते. नमुना क्रांती बाळासो वारके यांनी योग्य बाटलीत, योग्य रीतीने घेतला होता. ते बरोबर असल्याचे मला माहीत होते. मी स्वतः पुन्हा मोजून खात्री केली होती. माझा निष्कर्ष टिकावा म्हणून मी ते वगळले, नोंदवहीतील पुरावा फाडला आणि दोष श्रीमती वारके यांच्यावर टाकला. हे मी जाणूनबुजून केले.'

श्रेणिक आदगोंडा मगदूम